हिंगाच्या डबीतल्या गोळ्या

आमच्या ओळीत आठ खोल्या आहेत आणि आठही खोल्यांतल्या बायकांना आपापलं बीपी तोंडपाठ आहे. कुणी विचारलं नाही तरी सांगतात. पाणी भरताना एक म्हणते, "माझं एकशे तीस," की दुसरी लगेच म्हणते, "माझं एकशे अठरा, मला लोणचं चालतं." हे सगळं सिस्टरमुळे झालं. सिस्टर आमच्या ओळीत येते ती खरं तर आमच्या खोलीसाठी, पण हे त्या बायकांना माहीत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. सुया टोचणारी नर्स मी पाहिली होती, बाळंतपणातली पाहिली होती. पण मनाचा आजार झालेल्या माणसाच्या घरी येऊन चटईवर बसणारी नर्स असते, हे मला ठाऊक नव्हतं. दिघीहून स्कूटीवर येते. एक गुरुवार सोडून एक गुरुवार, कारण गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी असते आणि आमचे हे घरी सापडतात.

ह्यांचं असं झालं होतं. आम्ही मूळचे बीडकडचे, लग्नानंतर कुरुळीत आलो. हे चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. एका दिवाळीनंतर ह्यांची झोप उडाली. मग बोलणं वाढलं, मग कमी झालं. मग म्हणू लागले, शॉपमधला, म्हणजे मशीनच्या हॉलमधला, कॅमेरा माझ्याचकडे वळतो, वरच्या ऑफिसात माझ्यावर बैठक चालते. एक दिवस दोघे सोबती त्यांना रिक्षात घालून घरी घेऊन आले. पंधरा दिवस मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. बरे होऊन आले, ठेकेदाराने परत कामावर घेतलं. त्याला आम्ही टायफॉइड झाला असं सांगितलं होतं.

दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. गोळ्यांच्या पाकिटावर चंद्र छापलेला होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. मला वाचता येतं, चौथी झाले आहे, तरी मला तो चंद्र बरा वाटायचा. रात्री एक गोळी, एवढंच काम.

सिस्टर पहिल्यांदा आली तेव्हा मी पडद्यामागे उभी होते. तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मी मान हलवली. होय असेल तर खाली, नाही असेल तर बाजूला. थोड्या वेळाने ती ह्यांना म्हणाली, "दादा, तुमच्या घरात बोलण्याचं खातं कुणाकडे आहे?"

हे म्हणाले, "कुणाकडंच नाही, सिस्टर. रिकामं आहे."

ती इतकी हसली की शेजारची बाई डोकावून गेली. शेजारीण बघून गेली म्हणजे आता सगळ्या ओळीला कळणार. सिस्टरने माझं तोंड पाहिलं असावं. जाताना हळूच म्हणाली, "ताई, एका घरी गेलं की लोक विचारतात. सगळ्या घरी गेलं की कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी बघा."

पुढच्या वेळी ती बीपीचं मशीन घेऊन आली आणि पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. आमची खोली पाचवी. चार दंड दाबून ती आमच्याकडे आली, ह्यांच्याशी अर्धा तास बोलली, मग उरलेले तीन दंड दाबून गेली. सगळ्यात आधी घरमालकीण आजीचा नंबर. ह्या आजी कुरुळीच्याच, जुन्या घरातल्या. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ह्या आठ खोल्या बांधल्या. ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात आणि कोण आलं, कोण गेलं ते पाहतात. मशीनचा पट्टा दंडाला आवळला की ओरडायच्या, "आगं बया, हात काढून नेती का काय?" आणि लगेच विचारायच्या, "किती हाय?"

मला सिस्टरने एक वही दिली. "किती शिकलात?"

"चौथी."

"मग झालं की. दादा किती तास झोपले ते रोज लिहायचं. एक आकडा. जास्त काही नको."

मी आकडे लिहू लागले. सात. आठ. सात. मग आकड्यापुढे एखादा शब्द यायला लागला. सात, जेवले. आठ, हसले. पुढे तेवढ्याने भागेना म्हणून मी दुकानातून दुसरी वही आणली. ती हीच. सिस्टरची वही सिस्टरला दाखवायची आणि ही कुणालाच नाही. हे एकदा म्हणाले, "काय लिहायलीस एवढं?" मी म्हटलं, "किराणा." त्यांनी मान डोलावली. एवढा किराणा आमच्याकडे कधी आला होता कुणास ठाऊक.

पहिले काही महिने हे दिवसाच्या पाळीत होते. मग ठेकेदाराने सगळ्यांसारखं ह्यांनाही फिरत्या पाळ्यांत घातलं. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. पहिलीत नऊ वाजता गोळी घ्यायचे नि झोपायचे. दुसरीत उशिरा येऊन गोळी घ्यायचे नि झोपायचे. तिसरीचा पहिला आठवडा आला तेव्हा मी पाकिटाकडे पाहिलं. चंद्र होता. रात्र झाली होती. डबा भरून दिला, जेवायला वाढलं, गोळी दिली आणि ह्यांना कंपनीच्या बसला पाठवलं.

सकाळी हे आले ते पांढरेफटक. प्रेससमोर उभ्या उभ्या डुलकी लागली होती. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने कॉलर धरून मागे ओढलं म्हणून हात राहिला. हे हात पुन्हा पुन्हा उलटा सुलटा करून पाहत होते. मी पण पाहिला. पाचही बोटं होती.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात गोळीलाही सुट्टी. उपासाला नाही का आपण जेवण सोडत? दोन आठवडे घेतात, एक आठवडा नाही घेतली तर काय होतंय. ह्यांना म्हटलं तर ते म्हणाले, "बरं झालं." त्यांनाही तेच हवं होतं.

पण सिस्टर गोळ्या मोजायची. गप्पा मारता मारता पट्टी हातात घ्यायची आणि रिकामी घरं बघायची. म्हणून मी तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात रोज एक गोळी पट्टीतून दाबून काढायचे, म्हणजे पट्टी बरोबर रिकामी दिसे. काढलेली गोळी टाकून देववत नव्हती. औषध ते, कचऱ्यात कसं टाकायचं? मग हिंगाची एक रिकामी डबी होती, पिवळी, घट्ट झाकणाची. तिच्यात ठेवायचे. हिंगाच्या डबीला घरात कुणी हात लावत नाही. पहिल्या रात्रीची पोटात गेली होती आणि गुरुवारच्या सुट्टीला ते घ्यायचेच, म्हणून पहिल्या खेपेच्या पाच गोळ्या जमल्या. पुढच्या तिसऱ्या पाळीच्या आणखी सहा.

आणि त्या दोन्ही आठवड्यांत ह्यांची झोप मोडली. वहीत मी खरं तेच लिहिलं होतं. चार. तीन. तीन. दुसऱ्या खेपेला हे पुन्हा कॅमेऱ्याकडे बघायला लागले. काम सोडून बघत उभे राहायचे. सुपरवायझरने बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, अजून एकदा असं दिसलं तर गेटपास जमा कर." गेटपास गेला की खोली जाणार, खोली गेली की गाव. गावी ह्यांच्या भावाने आधीच सांगून ठेवलं होतं की डोकं फिरलेल्या माणसाला मी पोसणार नाही. मधली पहिली पाळी सरली आणि पुढची तिसरी पाळी आठवड्यावर आली. ती नीट पार पडली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

त्या गुरुवारी सिस्टर आली. हे भाजी आणायला गेले होते. तिने आकड्यांची वही उघडली, भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ धरली. कॅलेंडरवर ह्यांनी पाळ्या लिहिलेल्या असतात. म्हणाली, "ताई, बिघडतंय ते तिसऱ्या पाळीतच. पण गोळ्या तर बरोबर संपल्यात. म्हणजे ही गोळी पुरत नसेल. डॉक्टर वाढवतील बहुतेक."

वाढवतील! मला तो प्रेस दिसला. आधीच एका गोळीने डुलकी, मोठी गोळी दिली तर काय होईल? मी बोलायला हवं होतं. सिस्टर वाट पाहत होती. मी चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात आजी दारात. पोटावर हात.

"पोरी, जरा हिंग दे गं. वांग्याचं भरीत खाल्लं आन् पोट नुसतं फुगलंया."

"आजी, बसा, देते," म्हणेपर्यंत आजी आत. वय झालंय, पण फळीपर्यंत हात पोचतो त्यांचा. पिवळी डबी दिसली, घेतली, झाकण उघडलं आणि तळहातावर उपडी केली.

अकरा पांढऱ्या गोळ्या.

आजी म्हणाल्या, "ह्यो कसला हिंग? खड्याचा हाय व्हय?" आणि एक गोळी नाकाला लावून हुंगली. वास हिंगाचाच येत होता.

मी चहाच्या भांड्यासारखी जागच्या जागी उकळत होते. सिस्टर उठली, आजींच्या हातातून गोळ्या अलगद घेतल्या आणि म्हणाली, "आजी, ह्या माझ्या. दवाखान्यात उंदीर झालेत, म्हणून ताईंकडे ठेवायला दिल्या होत्या. तुम्ही खाल्ल्या असत्या तर परवापर्यंत झोपला असता."

"मंग दे की दोन," आजी म्हणाल्या. "परवापातुर तरी माझ्या पोराचं तोंड बघाया नगं."

मी खरा हिंग दिला. आजी तो तिथेच कोमट पाण्यात घालून प्यायल्या, मोठी ढेकर दिली आणि गेल्या. सिस्टरने दार लोटलं. रागावेल असं वाटलं. ती चटईवर बसली, गोळ्या एका कागदात गुंडाळल्या आणि म्हणाली, "चहा झाला का?"

तो चहा पिता पिता मी सगळं सांगितलं. प्रेस, डुलकी, कॉलर, उपासाची सुट्टी, सगळं. मी जन्मात एवढं एका दमात बोलले नव्हते. सिस्टरने रिकामा कप खाली ठेवला. शेवटी म्हणाली, "चूक तुमची एकटीची नाही. पाकिटावर चंद्र काढणाऱ्यालाही तिसरी पाळी माहीत नव्हती, आणि मीही पाळीचं विचारलं पण गोळीची वेळ विचारली नाही. पण आता हे डॉक्टरांना तुम्ही सांगायचं."

"तुम्हीच सांगा ना, सिस्टर."

"मी सांगेन की. पण प्रेसजवळचं मी पाहिलेलं नाही, दादांचा हात मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय."

मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो. रांग होती. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय?" हे म्हणाले, "सगळं ठीक." डॉक्टर लिहायला लागले. सिस्टर बाजूच्या टेबलावर कागद लावत होती. तिने वर पाहिलं नाही, पण कागद लावायची थांबली.

मी टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. कागद उडू नयेत म्हणून ठेवतात तसला होता, आत निळं फूल. सगळं त्या फुलाला सांगितलं. संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे आधी का सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही," मी म्हटलं. मग खोटं कशाला म्हणून पुढे म्हटलं, "विचारलं असतं तरी सांगितलं नसतं."

डॉक्टर हसले. हे माझ्याकडे असे बघत होते जसा मुका रेडिओ अचानक वाजायला लागावा. डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. म्हणाले, तिसरी पाळी ह्यांच्यासाठी चांगली नाही, बंद करता आली तर पाहा. आजाराचं नाव न घालता तशी चिठ्ठीही दिली. ती ह्यांनी खिशात ठेवली, म्हणाले जरा जम बसू द्या, मग ठेकेदाराला देतो. तोवर तिसऱ्या पाळीत गोळी घरी आल्यावर घ्यायची, जेवून, झोपायच्या आधी. एकही चुकवायची नाही. कामाला निघताना गुंगी वाटली तर जायचं नाही, लगेच कळवायचं.

बाहेर आल्यावर सिस्टरने लाल पेन काढलं, पाकिटावरच्या चंद्रावर फुली मारली आणि शेजारी एक खाट काढली. खाटेचे पाय वाकडे आले. म्हणाली, "खाट जिथे, गोळी तिथे." मग कॅलेंडरसाठी मला पेनच देऊन टाकलं. मी घरी येऊन पुढच्या महिन्याच्या सगळ्या चौकटींत खाटा काढल्या. कधी सकाळी, कधी रात्री. हे म्हणाले, "फर्निचरचं दुकान टाकलंस का?"

आता एक अडचण उरली. आमच्या खोलीला वर पत्रा. सकाळी आठला नळाला पाणी येतं, मग बादल्या, मिक्सर, मुलं आणि भंगारवाल्याचा भोंगा. त्यात झोपणार कसं? सिस्टर त्यासाठी एक जादा फेरी मारून आली आणि म्हणाली, "आजींना सांगू. बीपी आहे, झोप पाहिजे म्हणू."

आम्ही दोघी आजींच्या खुर्चीपाशी गेलो. सिस्टरने बीपीचं सांगायला सुरुवात केली तशी आजींनी हात वर केला.

"सिस्टर, तुमी दर खेपेला पाचव्या खोलीत अर्धा तास आन् बाकीच्यांकडं पाच मिन्टं बसता. मला घड्याळ कळत न्हाई, पर येवडं कळतं. बीपी न्हाई त्याला."

मी पदर तोंडाला लावला.

"माझ्या धाकल्या दिराला असंच झालं हुतं," आजी म्हणाल्या. "तवा ना सिस्टर ना गोळी. देवळाच्या खांबाला बांधून ठिवायचे. एक दिस सुटला आन् गेला. कुटं गेला ते आजून न्हाई कळलं." मग काठी आपटून म्हणाल्या, "ह्या पोराला झोपू द्या. आवाजाचं मी बघती."

"आजी, कुणाला सांगू नका," मी पुटपुटले.

"सांगायचं आसतं तर आतापातुर सांगितलं नसतं व्हय? त्या हिंगाला बी मी काय बोलली का?"

सिस्टरने डोळे मिटून घेतले. उंदरांची गोष्ट तिला आठवली असणार.

तिसरी पाळी आली. शनिवारी सकाळी हे आले. मी भाकरी आणि पिठलं वाढलं, गोळी दिली, खिडकीला गोधडी लावली. चार तास झोपले. मी वहीत चार लिहिलं. रविवारी पाच. सोमवारी सहा. बाहेर आजी खुर्ची टाकून पहाऱ्याला. नळाखालच्या बादलीत आधी फडकं ठेवायचं, म्हणजे पाण्याचा आवाज येत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. मिक्सर अकराच्या पुढे. कारण विचारलं तर म्हणायच्या, "मला झोप लागती सकाळची." आणि स्वतः खुर्चीत टक्क जाग्या.

मंगळवारी दहाच्या सुमाराला भंगारवाला आला. भोंगा लावायच्या आधीच आजी कडाडल्या, "ए! बंद कर त्ये! चालता हो हितनं!" तो म्हणाला, "आजी, अजून लावलाच नाही." आजी म्हणाल्या, "लावशील ना पर! माझी शंभर वर्सांची वळख हाय तुमच्या भोंग्याशी!" मग त्याच्या बापाचा आणि गाडीचा उद्धार सुरू झाला. पोरं जमली. आजींचा आवाज पत्र्यावर आपटून आमच्या खोलीत पडत होता. आत ह्यांनी कूस बदलली, डोक्यावर चादर ओढली. आता उठतील असं वाटलं.

मी दार उघडून बाहेर गेले. कशी गेले ते आठवत नाही. चप्पलही नव्हती पायात.

"आजी! सगळ्यात मोठा आवाज तुमचाच आहे! गप बसा!"

भंगारवाला थांबला. नळावरच्या बायका थांबल्या. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मलाही नवीन होतं. आजी माझ्याकडे बघत राहिल्या, मग कानाजवळ हात नेऊन अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "येवडं चालंल का?"

मी मान खाली घातली. होय असेल तर खाली. आत येऊन पाहिलं तर हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. दुपारी तीनला उठले. सात.

बुधवारी सहा, गुरुवारी सहा. कंपनीत कुणी बाजूला घेतलं नाही, गेटपास मागितला नाही. कॅमेऱ्याचं मी विचारलं तर म्हणाले, "आहे की तिथंच. त्याचं काम तो करतो, माझं मी."

त्या गुरुवारी सिस्टर आली. वही पाहिली, पट्टीतली रिकामी घरं मोजली, फळीवरची हिंगाची डबी उघडून पाहिली. आत हिंग होता. मग सवयीने मशीन काढलं आणि माझ्या दंडाला पट्टा बांधला.

"ताई, आज तुमचं जास्त आहे. एकशे बत्तीस. एवढं कधी नसतं. काही झालं का?"

दारातून आजी म्हणाल्या, "वरडली ती माझ्यावर. आख्ख्या वळीत माझ्यावर वरडणारी ही पहिली."

सिस्टरने पट्टा सोडला आणि मशीन माझ्यापुढे धरलं. "मग आकडा तुम्हीच लिहा," म्हणाली. मी लिहिला. ह्यांच्या झोपेच्या आकड्यांच्या वहीत माझा पहिलाच आकडा होता तो.